जुळलेलं हाड

बॉल रिंगच्या पुढच्या कडेवर आपटला, उंच उडाला आणि मैदानाबाहेर लावलेल्या स्कूटरच्या सीटवर जाऊन पडला. तिने तो आणला. पुन्हा फ्री थ्रोच्या रेषेवर येऊन दोन्ही पाय नीट जुळवले, चवडे रिंगकडे केले, कोपर आत घेतलं, मनगट मागे वळवलं आणि टाकला. या वेळी तो बोर्डावर एवढ्या जोरात आदळला की कुंपणापलीकडे चालायला आलेल्या आजोबांनी मान वळवून पाहिलं.

“कोपर बाहेर गेलं,” तिचा नवरा बाकावरून म्हणाला. तो मोबाइलवर तिचा व्हिडिओ काढत होता.

“नाही गेलं.”

“दाखवू?”

“नको.”

“अगं, बघ तरी. पुराव्यानिशी सांगतोय.”

ती बॉल जमिनीवर आपटत राहिली, गरजेपेक्षा जोरात.

ती मोठ्या दवाखान्यात एक्स-रे काढायची. दिवसभर दुसऱ्यांचे हात टेबलावर मांडायचे, कोपर इथे, पंजा पालथा, आता हलू नका, असं सांगत काचेमागे जायचं, हे तिचं काम. हिवाळ्यात त्याच विभागाच्या ओल्या पॅसेजमध्ये पाय घसरला आणि उजव्या मनगटाचं हाड मोडलं. प्लास्टर निघालं, व्यायाम झाले. शेवटचा एक्स-रे तिच्या सहकाऱ्याने काढला आणि पडद्यावर बघून म्हणाला, “पुस्तकात छापावं असं जुळलंय. आता तक्रारीला जागा नाही.”

नेमकं तेच तिला खुपत होतं. हाड वाकडं जुळलं असतं, तर बोट दाखवायला काहीतरी मिळालं असतं. मनगट दुखत नव्हतं, वळत होतं, भरलेली बादली उचलत होतं. फक्त बॉल जात नव्हता. आणि एका बाजूने चुकत असता तरी चाललं असतं. डावीकडे जात असता तर तिने उजवीकडे धरला असता. तो कधी तोकडा पडायचा, कधी लांब जायचा, कधी रिंगला न शिवताच खाली यायचा. जणू प्रत्येक वेळी कोणी वेगळीच बाई तिच्या हाताने टाकत होती.

दवाखान्यांच्या महिला संघांची बास्केटबॉल स्पर्धा तोंडावर आली होती. त्यांच्या संघाला शिकवणारे सर दिवसा दवाखान्याचं औषधभांडार सांभाळायचे आणि संध्याकाळी गळ्यात शिट्टी अडकवायचे. ते गोळ्यांच्या खोक्यांवर जसे ओरडत नसत, तसे खेळाडूंवरही ओरडत नसत. त्यामुळे सरावानंतर त्यांनी तिला बाजूला बोलावलं तेव्हाच तिला कळलं.

“रविवारी सुरुवात चिमणी करेल,” ते म्हणाले. “तू बाकावर राहा. गरज पडली की उतरवतो.”

“मला अजून चार दिवस आहेत, सर.”

“आहेत ना. सराव कर. नाही कोण म्हणतंय?”

“मग आत्ताच कशाला ठरवताय?”

सरांनी शिट्टी खिशात टाकली. “तुझा हात तुलाच परका झालाय, पोरी. मी किती दिवस थांबू?”

चिमणी म्हणजे बालविभागातली नर्स. अंगाने एवढीशी, तोंडाने अखंड सुरू, म्हणून वॉर्डातल्या मुलांनीच हे नाव पाडलं होतं. संघात येऊन तिला दोन वर्षं झाली होती. पहिल्या दिवशी तिला बॉल धड धरताही येत नव्हता. आता ती “ताई, ताई” करत मागे यायची आणि तिची पाण्याची बाटलीसुद्धा भरून आणायची. त्या दिवशीही ती बाटली पुढे करत म्हणाली, “ताई, मी सरांना सांगितलं, मला नको म्हणून.”

“मी सांगितलं होतं का तुला, माझी वकिली कर म्हणून?”

चिमणीचा हात बाटलीसकट तसाच राहिला. चिमणी गप्प बसलेली तिने पहिल्यांदाच पाहिली, आणि त्याचंही वाईट वाटण्याऐवजी तिला आणखी राग आला.

घरी नवऱ्याने जुना व्हिडिओ शोधून ठेवला होता. मागच्या वर्षीच्या अंतिम सामन्याचा. त्यात ती बॉल झेलते, वर नेते, सोडते, आणि जाळी हलते. पुन्हा झेलते, पुन्हा जाळी हलते. चेहऱ्यावर काही नाही, बस थांब्यावर उभ्या असलेल्या बाईसारखा चेहरा. तिने तो थांबवून थांबवून पाहिला. कोपर पाहिलं, मनगट पाहिलं, बोटं पाहिली. कमरेखाली पुढच्या रांगेतल्या प्रेक्षकांची डोकी होती.

“बघ, इथे कोपर किती आत आहे,” नवरा म्हणाला. त्याने दोन्ही व्हिडिओ शेजारी शेजारी लावले होते. तो विम्याच्या कचेरीत होता. कुठलीही गोष्ट दोन रकान्यांत मांडली की सुटते, असा त्याचा भाबडा विश्वास होता. “आणि आताचं बघ. आताचं तर जास्तच आत आहे. म्हणजे आता जास्त बरोबर आहे!”

“हो ना? मग जात का नाही?”

“ते... शोधतोय मी. लोक म्हणतात, आधी पाय खांद्यांच्या रेषेत, चवडे समोर...”

“तेच करतेय रे मी! महिनाभर तेच करतेय! पाय, गुडघे, कोपर, मनगट, एकेक करून पाठ केल्यासारखं!” तिने भिजलेलं फडकं ओट्यावर आपटलं. पाण्याचे थेंब त्याच्या चष्म्यावर उडाले. त्याने चष्मा काढला, सदऱ्याने पुसला आणि पुन्हा घातला. तिला रडू आवरेना. ती न्हाणीघरात गेली आणि नळ सोडून उभी राहिली.

शनिवारी काम लवकर आटोपलं. सरावाला अवकाश होता, तरी ती मैदानाकडे निघाली, एकटीने टाकून बघावं म्हणून. पण फाटकाशी आली तर आतून बॉलचा आवाज येत होता. चिमणी आधीच आली होती. तिची पाठ फाटकाकडे होती. आत जावं की परत फिरावं, या विचारात ती कुंपणाच्या जाळीला हात लावून उभी राहिली.

इतके दिवस ती चिमणीच्या शेजारी खेळली होती, तिला मागून कधी पाहिलं नव्हतं. चिमणीने बॉल झेलल्यासारखा केला, डावा पाय अर्धी वीत मागे घेतला, बाहेरच्या बाजूला थोडा वळवला, आणि टाकला. गेला. पुन्हा तसंच. पाय मागे, किंचित बाहेर, आणि मग हात. बॉल वर जाताना खांद्याची ती तिरकी रेघ.

तिने जाळी घट्ट धरली. पाहता पाहता तिच्या स्वतःच्या डाव्या पायाची पोटरी आखडली.

तिच्या शाळेच्या मैदानात फ्री थ्रोच्या रेषेपाशी, बरोबर डाव्या पायाखाली, सिमेंट उखडलं होतं. मोठा खड्डा नव्हता, पण पाय मुरगळेल इतका होता. शाळेने तो कधी बुजवला नाही. त्यामुळे ती पाय मागे घेऊन, थोडा बाहेर वळवून उभी राहायची. सगळी शाळा संपेपर्यंत. नंतर कॉलेजच्या मैदानात खड्डा नव्हता, दवाखान्याच्याही नव्हता, आणि ती गोष्ट ती साफ विसरून गेली होती. पाय मात्र विसरला नव्हता. विसरला तो या महिन्यात, तिनेच त्याला रोज ओढून, मापून सरळ उभं केल्यावर.

“ताई?” चिमणीने मागे वळून पाहिलं. “कधी आलात? मी... मी लगेच जाते, तुम्ही टाका.”

“तो पाय,” ती म्हणाली. “पाय मागे का घेतेस?”

चिमणी ओशाळली. “सरही सारखं तेच म्हणतात. चूक आहे, काढून टाक म्हणतात. पण मी तुमचं बघून शिकले ना, ताई. पाय सरळ ठेवला की माझा बॉल जातच नाही.”

“माझाही नाही जात.”

ती आत आली. चिमणीच्या हातातून बॉल घेऊन रेषेवर उभी राहिली आणि डावा पाय मागे घेतला. अंगाला ते परकं वाटलं नाही, पण हात अजून घाबरलेला होता. पहिला बॉल तोकडा पडला. दुसराही, तिथेच. तिसरा, तिथेच. चिमणी प्रत्येक वेळी हळहळत होती. तिच्या मात्र घशाशी हसू येत होतं, कारण महिनाभरात पहिल्यांदाच ती एकाच जागी चुकत होती.

“त्या दिवशीचं...” ती बॉल परत देताना म्हणाली. “बाटलीचं. मी उगाच बोलले.”

“जाऊ द्या हो ताई,” चिमणी म्हणाली, आणि लगेच वॉर्डातल्या कुठल्याशा मुलाची लांबलचक गोष्ट सुरू केली.

रविवारी ती बाकावर होती. वरच्या रांगेत नवरा मोबाइल सरसावून बसला होता; या वेळी पाय दिसतील अशी जागा त्याने मुद्दाम धरली होती, जरी ती बाकावर असताना टिपण्यासारखं काही नव्हतं. सामना चुरशीचा चालला होता. चिमणीचे सुरुवातीचे दोन बॉल गेले, मग तिला फ्री थ्रो मिळाला. ती रेषेवर आली. सवयीने डावा पाय मागे गेला.

“पाय!” सर ओरडले. न ओरडणारे सर. “पाय सरळ कर, किती वेळा सांगू!”

चिमणीने दचकून पाय पुढे आणला. दोन्ही चवडे जुळवले. बाकावरूनही तिचे खांदे ताठ झालेले दिसत होते.

ती उठून सरांच्या शेजारी जाऊन उभी राहिली.

“सर, राहू द्या तिचा पाय.”

“का म्हणून?”

“तिथे खड्डा आहे.”

सरांनी तिच्याकडे पाहिलं, मग मान पुढे काढून लाकडी जमिनीकडे. ती नुकतीच पॉलिश केलेली होती, वरचे दिवे तिच्यात दिसत होते. ते अजून काहीतरी शोधतच होते, तेवढ्यात तिने दोन्ही हातांचा कर्णा करून हाक दिली, “चिमणे! मागे घे!”

चिमणीने पाय मागे घेतला.