सर्जानं फुलवलेलं चांदीचं झाड

“उगवलं! उगवलं!” अख्खी वाडी ओरडली आणि भंडाऱ्याची मूठभर धूळ माझ्या नाकात गेली.

जत तालुक्यातल्या आमच्या धनगरवाडीत चांदमहाराज अवतरले होते. घोंगडीवर महाराज, पुढ्यात काचेचा घट, घटात पाणी, पाण्यात दोन काळ्या कांड्या. महाराज “फट् फट् रुपं फट्” असलं काहीतरी पुटपुटले, की एका कांडीला चांदीच्या सुया फुटत आणि बघता बघता झाडासारख्या पसरत. दुसऱ्या कांडीवर काळपट थर चढे.

“हे पुण्य उगवलं, ते पाप सुटलं!” महाराज गरजत. मग घटाशेजारचा बारका बल्ब आपोआप लागे आणि झाड हळूहळू विरघळे. “पाण्याचं तीर्थ झालं! कूस उजवेल, म्हाताऱ्याला दात येतील!”

दात आलेला म्हातारा मात्र कुणी दाखवेना.

मी इथल्या हायस्कुलात विज्ञान शिकवते, त्यामुळे हा खेळ कसला ते ओळखलं होतं. पदरात तोंड लपवून हसत होते, तेवढ्यात स्वप्नाली पुढे आली. माझी जुनी विद्यार्थिनी, दोन गर्भपातांनंतर पुन्हा दिवस गेलेली. तिची सासू तानुबाई तिचा हात धरून उभी होती. महाराजांनी घटातलं पाणी वाटीत काढलं आणि माझं हसू पळालं.

“स्वप्नाली, पिऊ नकोस! त्यात शिसं आहे, विष आहे!”

“बाई, मदी बोलू नगा,” तानुबाई कडाडली. “दोन येळा पोरीची कूस रिकामी झाली. तवा तुमचं इज्ञान कुठं गेलं हुतं?”

“मग घोंगडीखाली काय आहे ते तरी बघू द्या.”

देवासाठी अंथरलेली घोंगडी परक्यानं उचलायची नसते. महाराजांना ते ठाऊक होतं, म्हणून तर त्यांनी पाट नाकारून तानुबाईची घोंगडी मागून घेतली होती.

स्वप्नालीच्या हातात वाटी देऊन महाराज आशीर्वाद द्यायला उठले. शेजारी सर्जा नावाचा एडका नैवेद्याच्या कणसांकडे डोळे लावून उभा होता. मी एक कणीस महाराजांच्या रिकाम्या जागेवर टाकलं. सर्जानं पाय ठेवला आणि घटात झाड उगवलं!

“बिरोबाच्या नावानं चांगभलं!” वाडी एडक्याच्या पाया पडली. वाडीतल्या नानासोंनी त्याच्यावर भंडारा उधळून विचारलं, “देवा, पाऊस कवा पडंल?” सर्जा शिंकला.

“हाकला त्या जनावराला!” महाराज किंचाळले.

“आवं, जनावर कुनाला म्हन्ता?” नानासो चिडले. “तुमाला मंतर लागतुया. त्याला कणीस पुरलं!”

कणीस चघळत सर्जा मागं सरला. बल्ब लागला. पुढं आला, पुन्हा सुया फुटल्या. आता तानुबाई झाडाकडे नव्हे, त्याच्या पायाकडे बघत होती. तिनं सुनेच्या हातातली वाटी काढून घेतली.

“घोंगडी माजी हाय. म्या हातरली, मीच उचलनार.”

खाली दाबायचं बटण, वायरी आणि मोटारसायकलची बॅटरी निघाली. महाराज पळाले, पण वेशीपर्यंतसुद्धा पोचले नाहीत.

“घटातल्या पाण्यात शिसं विरघळलेलं आहे,” मी सांगितलं. “वीज सोडली की एका कांडीवर शिसं चकचकीत जमतं, दुसरीवर शिशाचाच काळा थर बसतो. बटण सोडलं की ते दोन्ही पुन्हा विरघळतात आणि साठलेली वीज बल्बला देतात. असंच पाणी पंपानं फिरवून उन्हाची वीज साठवता येईल का, यावर शास्त्रज्ञ काम करतायत. ही बॅटरी आहे, बायांनो! बॅटरी पितं का कुणी?”

हसू उसळलं. तानुबाई मात्र हसली नाही.

“बाई, काल धोंडुबाईची सून प्याली. शेजारची माया बी प्याली. त्यांचं वो?”

“दोघींना आत्ताच्या आत्ता दवाखान्यात न्यायचं. रक्त तपासायचं. आणि हे पाणी डॉक्टरांना दाखवायचं.”

तानुबाई पायात चप्पलही न घालता धोंडुबाईच्या घराकडे धावली. मी स्वप्नालीला जवळ घेतलं. मग घटातलं पाणी एका बाटलीत भरून घेतलं.

वाचकहो, देवाला हात जोडायला माझी ना नाही. पण कुणी काही प्यायला दिलं, तर आधी विचारा, यात काय आहे? उत्तर मिळालं नाही, तर पिऊ नका. पोटात लेकरू असेल तर मुळीच नाही.