सरदारचा पट्टा

मित्रांनो, मी एक जुना पट्टा आहे. कुत्र्याला फिरायला नेताना हातात धरतात ना, तो. एका टोकाला माझी कडी कुत्र्याच्या गळपट्ट्यात अडकते, दुसऱ्या टोकाला माणसाची मूठ असते. मधल्या चामड्यात मी असतो, आणि दोन्हीकडचं सगळं मला कळतं.

एका कारागिराने मला जाड चामड्यातून कापलं, तेल पाजलं आणि दुहेरी टाका घातला. शेवटी भिंतीतल्या खुंटीला अडकवून त्याने अंगातली सगळी ताकद लावून ओढून पाहिलं. मी तसूभरही हललो नाही. मला भारी अभिमान वाटला होता.

किल्ल्या बनवणाऱ्या दादाने मला विकत घेतलं. त्याचा कुत्रा सरदार अंगाने दांडगा, मनाने लोण्याचा गोळा. दोघं रोज दुकान बंद करून फिरायला निघत. "काय बांधणी आहे हो पट्ट्याची!" असं लोक म्हणत, तेव्हा मी मनातल्या मनात मिशीला पीळ देत असे.

मग ती संध्याकाळ आली. बंद पडलेल्या गिरणीच्या वळणावर समोरून एक कुत्रा आला आणि सरदारने झेप घेतली. दादाच्या घामेजलेल्या हातातून मी सटकलो. सरदारच्या मागे फरफटत मीही रस्त्यावर गेलो. ट्रकचा ब्रेक ऐकला. त्यानंतर माझ्या त्या टोकाला कसलीच हालचाल उरली नाही.

मी तुटलो नव्हतो, मित्रांनो. इतका मजबूत असूनही कामी आलो नाही, याचंच मला फार वाईट वाटतं.

त्यानंतर मी दाराआड लोंबकळत राहिलो. चामडं वाळलं, कडीला गंज चढला. कोणी शिवलंसुद्धा नाही. पण दुकान बंद व्हायच्या वेळेला माझी कडी आपोआप हलायची. वारा नसला तरी हलायची. दादा तिच्याकडे बघत बसायचा आणि ताटातलं अन्न गार व्हायचं.

शेवटी त्याच्या थोरल्या बहिणीने, अक्काने, एक पिल्लू आणलं. काळं, गुबगुबीत, सतत गुणगुणणारं. म्हणून त्याचं नाव भुंग्या. अक्का नवा पट्टा आणायला निघाली, तर दादा म्हणाला, "नको. हाच."

भुंग्या गुणी होता, पण दुसरा कुत्रा दिसला की पिसाळल्यासारखा भुंकायचा. खालच्या मजल्यावरच्या काकूंच्या म्हातारीवर, म्हणजे त्यांच्या दात पडलेल्या कुत्रीवर, तो असा धावला की काकू पायरीवरच बसल्या. घरमालकाने बजावलं, "पुन्हा असं झालं, तर पिल्लू इथे ठेवायचं नाही." दादाचा चेहरा उतरला. सरदारनंतर हेही जाणार होतं.

खरी गोष्ट फक्त मला ठाऊक होती. लांबवर कुत्र्याची सावली जरी दिसली, तरी दादा मला तळहाताभोवती दोन वेढे देऊन आवळायचा. दुधाने तोंड पोळलेला तो माणूस! त्याच्या मुठीचा ताण माझ्यातून थेट पिल्लाच्या गळ्यात उतरायचा. गिरणीच्या वळणावर तर मी असा जड व्हायचो, की सरदारच पुन्हा ओढतोय असं वाटायचं. भुंग्याने त्याला कधी पाहिलंही नव्हतं. तरी तो रिकाम्या रस्त्याकडे बघून गुरगुरायचा.

एक दिवस अक्का सोबत आली आणि बघतच राहिली.

"अरे, आधी तू घाबरतोस, मग तो भुंकतो. तुझ्या पोटातला गोळा त्याच्या पोटात जातोय."

"सोडलं आणि सटकला तर?"

"सोड कोण म्हणतंय? धर. पण सैल धर."

मग शिकवणी सुरू झाली. काकूंनी मोठ्या मनाने म्हातारीला मैदानाच्या पार पलीकडे उभं केलं. भुंग्याने तिच्याकडे पाहिलं आणि भुंकण्याआधी मान वळवली, की दादा त्याला अंड्याचा तुकडा द्यायचा. तो बिथरला, की न रागावता चार पावलं मागे. हळूहळू अंतर कमी झालं. भुंग्याला लवकर जमलं. दादाला मात्र वेळ लागला. त्याची बोटं जुनीच सवय धरून बसली होती.

आणि मग गिरणीचं वळण. समोरून एक दांडगा कुत्रा आला. दादाने एक वेढा घेतला. मी जड झालो. दुसरा वेढा पडणार, एवढ्यात दादा थांबला आणि म्हणाला, "सरदार, जा रे बाळा आता."

वेढा उलगडला. मी सैल झालो. भुंग्याने त्या कुत्र्याकडे पाहिलं, मग मान वर करून दादाकडे पाहिलं, आणि शेपटी हलवत त्याच्या शेजारून चालू लागला. तेव्हा मला उमगलं. इतके दिवस मला सरदार ओढत नव्हता. बिचारा केव्हाच शांत झाला होता. त्याला धरून ठेवलं होतं ते दादाने.

मित्रांनो, मला अधूनमधून तेल लावा, कोरड्या जागी ठेवा. आणि हातात घ्याल तेव्हा नीट धरा, पण आवळू नका. दुसऱ्या टोकाला एक जीव असतो. त्याला जगाची भीती नसते हो. ती आपल्या हातातून जाते.