पन्नास किलोओहम

"हे आकडे आले कुठून?" बाहेरून आलेल्या परीक्षकांनी वही विद्यार्थिनीसमोर सरकवली. ट्रान्झिस्टरचा आउटपुट रेझिस्टन्स काढायचा होता. बाकी सगळ्यांचं उत्तर छापील पुस्तकातल्यासारखं शंभर किलोओहमच्या आसपास, हिचं एकटीचं पन्नास.

मीटरकाका कपाटाशी वायरी गुंडाळत होते. एकतीस वर्षं त्यांनी या प्रयोगशाळेतले मीटर दुरुस्त केले, टेबलं मांडली, पण परीक्षेच्या वेळी कधी चकार शब्द काढला नाही. बायको गेल्यापासून तर बोलायची सवयच सुटली होती. पण या पोरीने एकेक रीडिंग तीन-तीनदा घेतलेलं त्यांनी पाहिलं होतं, आणि बाकीच्यांनी मीटरकडे न बघता आकडे जुळवलेलेही. परीक्षकांनी लाल पेन उघडलं. नापास म्हणजे तिचं वर्ष गेलंच.

"सर, तिचं बरोबर आहे," काका म्हणाले. स्वतःचाच आवाज त्यांना परका वाटला.

परीक्षकांनी चष्म्यावरून पाहिलं. "तुम्ही कोण?"

"इथला मदतनीस. यंदा ट्रान्झिस्टर नवे आलेत, पुस्तक जुन्यांचं आहे. एकदा लावून बघा."

दाराशी उभे विभागप्रमुख डोळे वटारत होते. काकांनी तिकडे पाहिलंच नाही. जोडणी केली, बेसचा करंट हलू दिला नाही आणि कलेक्टरचं व्होल्टेज दोनाचं दहा केलं. करंट दोन मिलिअँपवरून जेमतेम सरकला, दोन पूर्णांक सोळा शतांशावर थांबला. पोरीने वाढलेल्या आठ व्होल्टला वाढलेल्या करंटने पुटपुटत भागलं. पन्नास.

परीक्षकांनी तिला गुण दिले आणि बाकीच्यांच्या वह्या परत मागवल्या. पोरगी धावतच बाहेर गेली. आभार मानायचं तिच्या ध्यानातही आलं नाही. विभागप्रमुखांनी मात्र जाताजाता सुनावलं, "तुम्हाला कोणी विचारलं होतं?"

घरी पोचल्यावर बूटही न काढता काकांनी लेकीला फोन लावला.

"बाबा, बरे आहात ना? जेवलात?"

"अगं, आज ना, परीक्षेत एका पोरीचं..."

"बाबा, मी जरा कामात आहे. रविवारी बोलू?"

"हो, हो. कर तू काम."

फोन बंद झाला. काकांनी तो कानाला तसाच धरून ठेवला आणि दोनाचं दहा केल्यावर आकडा कसा सरकला, ते हळू आवाजात शेवटपर्यंत सांगितलं.