फेकलेलं केळफूल

चिपळूणच्या भाजीबाजारात स्नेहलताबाई शिरल्या, की गवारवाल्या जून शेंगा हळूच खालच्या टोपलीत सारत. बाईंची नजर तशी होती. कलिंगडावर टिचकी मारून त्या आतला रंग सांगत, आणि चुकल्या तर कलिंगड चुकलं म्हणत. अशा बाईवर बर्लिनमध्ये हात मागे बांधून भाजी बघायची वेळ आली होती.

झालं होतं ते भेंडीवरून. घराजवळच्या सुपरमार्केटात त्यांनी सवयीने भेंडीची शेपटं मोडून बघितली. एक मोडली, दुसरी मोडली, रंगात आल्या. शेपूट मोडल्याशिवाय भेंडी कोवळी की जून हे जर्मन माणसांना कसं कळतं, देव जाणे. तिथला माणूस धावत आला आणि सगळ्या दुकानाला ऐकू जाईल असं बोलला. सून मैथिली लाल होऊन नुसती ‘एन्टशुल्डिगुंग, एन्टशुल्डिगुंग’ अशी माफी मागत राहिली आणि मोडलेली भेंडी सगळी विकत घेऊन बाहेर पडली. घरी आल्यावर तिने हळू आवाजात सांगितलं, की आई, इथे हात नाही लावायचा, तुम्ही फक्त दाखवा, मी घेईन. हळू बोललेलंच जास्त लागतं.

तेव्हापासून बाईंनी दुकानाची पायरी चढली नव्हती. मुलाला, मयुरेशला, त्यांनी सांगून टाकलं, की माझं परतीचं तिकीट अलीकडचं कर. गणपतीपर्यंत राहायचं ठरलं होतं, पण ज्या गावात भाजीलाही हात लावायचा नाही तिथे मी करू काय? भांडी मशीन घासतं, कपडे मशीन धुतं, नातू शाळेत जेवून येतो. मयुरेशने दोनदा समजावलं, मग हो म्हणाला. आज संध्याकाळी तो तिकीट बदलून येत्या आठवड्यातलं करणार होता. तेवढ्यासाठीच मैथिलीने आज शनिवारी सकाळी विषय काढला, की काही घ्यायचं नाही, फक्त फिरून येऊ, एक व्हिएतनामी बाजार आहे.

ट्राममधून उतरून दोघी आत शिरल्या. बाहेरून गोदामासारख्या लांबच लांब शेड, आणि आत प्लास्टिकची फुलं, नेलपॉलिश, चपला, लाल कंदील. मैथिली मुद्दाम रमतगमत चालत होती. पहिल्या शेडमध्ये बाईंनी कशाकडे बघितलं नाही. दुसरीच्या दारातच कोथिंबिरीचा आणि ओल्या गोणपाटाचा वास आला आणि त्यांची चाल आपोआप मंदावली.

कच्ची पपई. फणस. शेवग्याचा पाला. कारली, तीही आपली खडबडीत नव्हेत, गुळगुळीत फिक्कट. बाई मनात एकेकीला नाव देत चालल्या होत्या आणि हात मात्र पाठीमागे घट्ट. आजूबाजूच्या व्हिएतनामी आज्या बिनधास्त पपई दाबत होत्या, आंबा हुंगत होत्या, पसंत नसला तर तोंड वाकडं करून परत ठेवत होत्या, आणि कोणी त्यांना काही म्हणत नव्हतं. ते बघून बाईंच्या मनात आलं, हा तर आपलाच बाजार, आणि आपण त्यात पाहुण्यासारख्या.

मैथिली म्हणाली, “आई, इथे बघा हात लावून, चालतं.”

“नको. नजरेने कळतं मला,” बाई म्हणाल्या. रुसलेलं माणूस इतक्यात थोडंच मानतं!

गल्लीच्या टोकाला त्यांच्याच वयाची एक बाई बुटक्या स्टुलावर बसली होती. फ्राऊ लान, म्हणजे लानबाई, मैथिलीने सांगितलं. पूर्वी इथे कपड्याच्या कारखान्यात शिवणकामाला आलेली, आता भाजीचं दुकान. तिच्यापुढे केळफुलांचा ढीग होता. ती बाहेरची राठ पानं काढी, आतली जांभळी पानं सुटी करून किसणीवर सरासर किसे आणि तो कीस लिंबाच्या पाण्यात सोडी. आणि प्रत्येक पानाखालची पिवळसर फुलं, ती कोवळी फण्यांसारखी रांग, मुठीने ओढून कचऱ्याच्या टोपलीत.

स्नेहलताबाईंनी एक मूठ सोसली. दुसरी सोसली. तिसरीला राहवेना. जित्याची खोड ती.

“अगं बाई, भाजीच टाकतेयस की,” म्हणत त्यांनी थेट कचऱ्याच्या टोपलीत हात घातला.

फ्राऊ लानची किसणी थांबली. शेजारच्या दुकानातली माणसं वळून बघायला लागली. बाईंच्याही लक्षात आलं, आपण परत तेच केलं, तेही लोकांच्या कचऱ्यात. पण हातात केळफूल होतं, आणि केळफूल हातात असताना माघार घ्यायची त्यांची रीत नव्हती. त्यांनी एक रिकामा खोका ओढला, त्यावर बैठक मारली आणि एका फुलातली ताठ काडी नखाने उपटली, पारदर्शक पापुद्रा काढला, उरलेलं फूल फ्राऊ लानच्या तळहातावर ठेवलं. मग दुसरं. मग तिसरं. बोटं अशी चालली, की मैथिली बघत राहिली. रात्रभर ताकाच्या पाण्यात, काळे वाटाणे, वरून खोबरं, असं बाई मराठीत सांगत होत्या आणि मैथिली धावत्या जर्मनमध्ये पोचवत होती.

फ्राऊ लानने किसलेल्या पानांत मीठ, लिंबू, दाण्याचा कूट घालून एक चिमूट बाईंपुढे धरली. बाईंनी ती चाखली. कुरकुरीत, किंचित तुरट, झकास. ही पानं त्यांनी जन्मभर गुरांना घातली होती.

“म्हणजे मीही अर्धं केळफूल फेकतच आले,” त्या म्हणाल्या. मैथिलीने सांगितल्यावर फ्राऊ लान गुडघ्यावर थाप मारून हसली. बाईही हसल्या. बर्लिनला आल्यापासून त्या पहिल्यांदाच अशा हसत होत्या, हे मैथिलीला जाणवलं आणि तिला आधी वाईट वाटलं, मग फार बरं वाटलं.

तोवर शेजारच्या दोन बायका जमल्या होत्या. बाईंनी त्यांनाही काडी उपटायला बसवलं. एकीने पापुद्रा तसाच ठेवला तर तिच्या हातावर फटका मारून परत करायला लावलं, आणि ती मुकाट्याने करायला लागली. मैथिली कौतुकाने उभी होती. सुपरमार्केटात जिच्यासाठी मान खाली घातली, तिच्यासाठी इथे मान आपसूक वर झाली होती. एका गिऱ्हाइकाने विचारलं, की ह्या कोण? मैथिली जर्मनमध्ये म्हणाली, “आमच्या आई. यांना भाजीतलं सगळं कळतं.” बाईंना शब्द कळले नाहीत, पण सुनेचा सूर कळला, आणि त्यांची पाठ ताठ झाली.

निघताना फ्राऊ लानने साफ केलेली फुलं पिशवीत भरून दिली आणि मैथिलीला काहीतरी विचारलं. पुढच्या शनिवारी आणखी केळफुलं येणार आहेत, ती विचारतेय, तुम्ही येणार का शिकवायला, तुमच्यासाठी फुलं बाजूला ठेवेल, मैथिली म्हणाली. एवढं सांगून ती अडखळली. पुढच्या शनिवारी आई कुठे असतील, हे दोघींनाही ठाऊक होतं. ती फ्राऊ लानला काहीतरी सबब सांगायला वळली.

“थांब, मी सांगते,” स्नेहलताबाई म्हणाल्या. नातवाकडून जर्मन ‘हो’ आणि वार शिकल्या होत्या त्या. फ्राऊ लानकडे बघून त्यांनी सावकाश, ठणठणीत आवाजात सांगितलं, “या. साम्सटाग.” म्हणजे हो, शनिवारी.

तिथेच, गल्लीच्या मधोमध, मैथिलीने मयुरेशला फोन लावला.

“अरे, ते तिकीट राहू दे,” ती म्हणाली. “आईंना वेळ नाहीये. त्यांना इथे काम आहे.”