एका शब्दाची जागा

खडूत बुडवलेली दोरी तिने भिंतीवर ताणली आणि मधोमध धरून अशी सोडली, की चापट बसल्यासारखा आवाज झाला. सरळ पांढरी रेघ उमटली. दुसऱ्या रेघेला तिने दोरी आणखी जोरात सोडली. राग काढायला एवढी लांबलचक भिंत तिला जन्मात पहिल्यांदाच मिळाली होती.

भिंत पाण्याच्या टाकीची. नगरपालिकेला दहा वर्षं झाली म्हणून तिच्यावर गावाचा इतिहास लिहायचा होता, आणि दुपारी चार वाजता समारंभात वरचा पडदा सरकायचा होता. मजकूर नगराध्यक्षांनी स्वतः लिहून दिला होता. नगराध्यक्ष म्हणजे तिचा धाकटा भाऊ. पहिलीच ओळ होती, ‘येथे पूर्वी काहीच नव्हते.’

सकाळपासून ती ओळ तिच्या दातात अडकली होती. काहीच नव्हतं? या टाकीच्या पायाखाली विहीर होती. ती खणताना बाप खाली उतरून माती भरायचा, आई काठावरून टोपली ओढायची, तळहाताची सालं निघेपर्यंत. त्या पाण्यावर कोबीचा मळा उभा राहिला. आणि हेच नगराध्यक्ष उन्हाळाभर विहिरीतून बाहेर निघत नसत, म्हणून सगळा गाव त्यांना बेडक्या म्हणायचा. आता बेडूक साहेब झाला, आणि विहीरच नव्हती म्हणू लागला.

रागातला एक वाटा तिला स्वतःसाठीही राखून ठेवावा लागत होता. गावातली एकूण एक पाटी तिच्या हातची. नवऱ्यामागे तिने ब्रश उचलला तेव्हा ‘दूध मिळेल’ लिहावं लागे, ‘सायकल दुरुस्ती’ लिहावं लागे. मग रस्ता रुंद झाला आणि ‘प्लॉट विकणे आहे’ लिहून लिहून तिचं मनगट सुजलं. मळा विकायची पाटीही तिनेच लिहिली. ताई, तुझं अक्षर बघून गिऱ्हाईक थांबतं, असं भाऊ म्हणाला होता आणि ती वेडी खूश झाली होती. पुढे इमारती उठल्या, फाटकं आली. एका फाटकावर पहारेकऱ्याने तिला अडवलं आणि बोटाने वर दाखवलं : ‘परवानगीशिवाय आत येऊ नये.’ तिचंच अक्षर. मात्रा किती मायेने वळवल्या होत्या.

बाराच्या सुमारास भाऊ कडक इस्त्रीच्या पांढऱ्या कपड्यांत पाहणीला आला. अक्षरं झाली होती, शिरोरेषा राहिली होती. ती नेहमी शेवटीच ओढायची, एका श्वासात. रेघ ओढली की सुट्या अक्षरांचा शब्द होतो, मग माघार नाही, हे नवऱ्याने शिकवलेलं.

‘काहीच’ आणि ‘नव्हते’ यांच्यामध्ये भावाने बोट नाचवलं.

“ताई, इथं एवढी मोकळी जागा कशाला?”

“रेघ ओढायची राहिलीय. ओढली की भरून येईल.”

तो हसला. तू अजून त्या विहिरीच्या काठावरच बसलीयस, म्हणाला. नळ आले, दवाखाना आला, तुझ्या नातीची शाळा दारात आली, हे कुणामुळे? पाणी ओढून ओढून आई कमरेत वाकली, ते दिवस परत हवेत का तुला?

“दिवस नकोत रे,” ती ब्रश झटकत म्हणाली. “पण ती होती. तेवढं तरी म्हण.”

“लोकांना शून्यातून झालेली गोष्ट आवडते, ताई.” त्याने घड्याळ पाहिलं आणि तो गेला.

ती बराच वेळ त्याच्या गाडीने उडवलेली धूळ बसायची वाट बघत राहिली. मग तिने निळ्या रंगाचा डबा उघडला.

चार वाजता पडदा सरकला. भिंतीकडे पाठ करून भावाने माईकवर पाठ केलेली ओळ म्हटली, “येथे पूर्वी काहीच नव्हते.”

पुढच्या रांगेतली म्हातारी दूधवाली फिस्सकन हसली. मागून कुणीतरी, चष्मा सावरत, भिंतीवरचं एकेक अक्षर लावत मोठ्याने वाचलं :

“येथे पूर्वी काहीच कमी नव्हते.”

तो वळला. त्याने वाचलं. माईक हातात तसाच धरून भिंतीपाशी गेला आणि ‘कमी’ या शब्दावर त्याने बोट ठेवलं. बोट निळं झालं. पांढऱ्या सदऱ्याला लागू नये म्हणून ते लांब धरून तो उभा राहिला. लहानपणी विहिरीतून निथळत आईपुढे उभा राहायचा, तसा.

“ताई, फडकं दे.”

तिने फडकं टर्पेंटाइनमध्ये बुडवून पिळलं.

“बोट पुसायचंय, का भिंत?”

माईक चालूच होता. सगळ्या मांडवाने ऐकलं.

त्याने नुसतं बोट पुढे केलं.

तिने ते जरा जोरातच पुसलं.