उसवलेल्या कॉलरी

आजारपणात मास्तरांचं शिवणाचं दुकान एक दिवसही बंद राहिलं नाही. पोटात गाठ, अंगात अजून बाजारातही न आलेलं औषध, आणि हे गृहस्थ सकाळी दहाच्या ठोक्याला मशीनवर हजर. कोणी तब्येत विचारली की म्हणायचे, "हात चालतोय तोवर मी चालतोय." शर्टाची कॉलर शिवावी तर मास्तरांनीच, असा लौकिक होता, आणि त्यांची सगळी उमेद त्यावर उभी होती.

इस्पितळाने या नव्या औषधाच्या प्रयोगातल्या प्रत्येकाला एक वही दिली होती. उलटी, ताप, बोटांचा बधिरपणा. रोज समोर हो किंवा नाही लिहायचं. दुसऱ्या महिन्यात मास्तरांच्या बोटात सुई रुतली, ती त्यांना कळली रक्त दिसल्यावर. त्यांनी वहीत "नाही" लिहिलं. त्यांच्याबरोबरचा एक कंडक्टर मध्येच यायचा बंद झाला होता. मास्तरांनी आपल्या मनानेच ठरवून टाकलं, की त्रास सांगितला की नाव कटलं. झाकली मूठ सव्वा लाखाची. त्या मुठीतली बोटंच बधिर झाली होती, ते सोडा.

एका दुपारी त्यांना नेहमीची झोप लागली नाही. मागच्या खोलीतून उठून दुकानात आले, तर काज-बटणं करणारी त्यांची बायको त्यांनीच सकाळी शिवलेली कॉलर ब्लेडने उसवत होती. शेजारी आणखी दोन पडल्या होत्या. टीप वेडीवाकडी गेलेली लांबूनही दिसत होती.

"कधीपासून?"

"दीड महिना झाला."

"मला सांगायचं नाही?"

"सांगितलं असतं तर पुन्हा मशीनवर बसला असता तुम्ही?"

मास्तरांना आधी राग आला, मग लाज वाटली. दीड महिना गिऱ्हाइकं ज्या कॉलरींची तारीफ करत होती, त्या हिच्या होत्या. तिने त्यांच्या बोटाला करकचून चिमटा काढला. "कळलं?"

"नाही."

"मग वहीत लिहा. नाव काढलं तर काढलं. उद्या बोट मशीनखाली जाईल आणि तुम्हाला पत्ता लागणार नाही."

त्यांनी पंचेचाळीस वेळा "नाही" खोडून "हो" लिहिलं.

इस्पितळात डॉक्टरीणबाईंनी वही दोनदा वाचली. "गाठ निम्मी झाली आहे. औषध लागू पडलं होतं." मास्तरांचा चेहरा खुलला. "होतं" हा शब्द बायकोने ऐकला.

"पहिल्याच आठवड्यात सांगितलं असतंत, तर डोस कमी करून चालू ठेवला असता. बऱ्याच जणांचा ठेवतो. आता नसा फार बिघडल्यात. थांबवावंच लागेल."

"आणि तो कंडक्टर?"

"ते? ते स्वतःहून मुलीकडे राहायला गेले."

दुसऱ्या औषधाचा प्रयोग सहा महिन्यांनी सुरू होणार होता. तोवर बघू, असं त्या म्हणाल्या, आणि नजर मात्र कागदावर ठेवली.

बाहेरच्या बाकावर बसल्यावर बायको म्हणाली, "मी उसवलं नसतं, तर गिऱ्हाइकाने पहिल्याच आठवड्यात शर्ट तोंडावर फेकला असता. तेव्हाच कळलं असतं सगळं."

ते खरं होतं. मास्तरांच्या अगदी जिभेवर आलं होतं.

"तुझी टीप सरळ होती," ते म्हणाले. "मलासुद्धा ओळखता आली नाही."

तीस वर्षांत त्यांनी तिच्या शिवणाला पहिल्यांदा चांगलं म्हटलं होतं. ती तोंडावर हात ठेवून रडायला लागली. मास्तर तिचं रडणं संपेपर्यंत थांबले.

"चल," ते म्हणाले. "चारला गिऱ्हाईक येणार आहे. मापं मी घेतो, शीव तू."