लाल पाटी

कारखान्यात मशीन उघडण्याआधी स्विच बंद करून त्यावर लाल पाटी अडकवायची: माणूस काम करत आहे. ज्याने अडकवली, त्यानेच काढायची.

नलिनीच्या हॉलमध्ये तिच्या वारलेल्या भावाचा, हेमंतचा फोटो आहे. त्यावरचा बारका दिवा परवापासून बंद आहे.

नरहर, तिचा नवरा, फोरमन. घरातलं साधं बटण दाबतानाही आधी मागे वळून पाहतो.

जवळच्या सोनागिरीत, सगळ्या हिंदी वस्तीत, एक वायरमन आहे. मराठी बोलतो.

म्हणून नलिनीने त्यालाच क्वार्टरवर बोलावलं. दार नरहरने उघडलं आणि तो दारातच थिजला. वायरमनने नमस्कार केला, ओळख दाखवली नाही. मेन स्विच बंद केला, पिशवीतून लाल पाटी काढून त्यावर अडकवली, आणि फोटोसमोर स्टुलावर चढला.

"सर, जरा स्विचपाशी उभे राहता?"

नरहर उभा राहिला. हा का आला? फोटोवरून नजर का हलवत नाही? उघड्या तारा याच्या हातात, स्विच आपल्या. त्या दिवसाबद्दल तोंड उघडू शकेल असा एवढा एकच माणूस उरलाय. नरहरचा हात पाटीपर्यंत गेला आणि तिथेच राहिला.

"मिक्सर का बंद पडला हो?" नलिनी चटणीचा हात पुसत आली. "आणि ही कसली पाटी?" ती काढायलाच निघाली.

"हात लावू नकोस!"

"केवढ्यांदा ओरडता! कुणी मरतंय का?"

"मरतो, भाभी," स्टुलावरून आवाज आला. "सरांनीच शिकवलंय आम्हाला."

"तुम्ही यांना ओळखता, भैया? नाव काय तुमचं?"

"अच्युत."

नलिनी भिंतीला टेकली. हे नाव घेऊन तिने वर्षानुवर्षं शिव्याशाप दिले होते. हेमंत मशीनमध्ये असताना अच्युतने पाटी काढली, मशीन सुरू केलं, असं नरहरनेच चौकशीत सांगितलं होतं. अच्युतची नोकरी गेली होती.

तिने स्टुलावरच्या माणसाकडे पाहिलं. मग पाटीकडे.

"एवढ्याशा दिव्यासाठी पाटी लावतो हा," ती नवऱ्याला म्हणाली. "मग त्या दिवशी ती काढली कुणी?"

अच्युतने तारा सोडल्या नाहीत. नरहरने मागे वळून पाहिलं. मागे भिंत होती.

त्या दिवशी अच्युत कँटीनमधून जेवून परतला, तेव्हा मशीन चालू होतं आणि पाटी नरहरच्या खिशात होती.